नारू गेला, दात पिवळे झाले : पैनगंगेकाठच्या पाण्याची हकिकत

आपल्या आदिलाबादच्या जुन्या मराठी घरांमध्ये पाण्याचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. एक म्हणजे आजोबांच्या किंवा पणजोबांच्या पायातून निघालेला नारू. काडीवर गुंडाळत गुंडाळत रोज बोटभर बाहेर काढायचा, मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस महिनाभर खाटेवर. दुसरी गोष्ट घरातल्या बायकांची. गावात चार बोरिंग असले तरी डाळ शिजवायला पाणी एकाच बोरिंगचे आणायचे, कारण त्या पाण्यात तुरीची डाळ लोण्यासारखी शिजते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे कोणाला वाटत नाही. पण आहे, आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांचा आपल्या भागाच्या पाण्याचा इतिहास या दोन गोष्टींच्या मध्येच बसलेला आहे. पाणीपुरवठ्याच्या कामात वर्षे गेल्यामुळे तो लिहिण्याचे धाडस करतो.

आधी जमिनीविषयी. आपला जिल्हा १९०५ साली निजामाच्या राज्यात स्वतंत्र जिल्हा म्हणून अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा सारा मुलूख सिरपूर-तांडूर या नावाने ओळखला जाई. १९५६ साली भाषेप्रमाणे राज्ये झाली तेव्हा किनवट आणि राजुरा तिकडे गेले, मुधोळ इकडे आले. कित्येक घरांत सख्ख्या भावांपैकी एक महाराष्ट्रात आणि एक आंध्रात अशी विभागणी झाली. पुढे २०१४ साली तेलंगणा झाला, २०१६ च्या दसऱ्याला जुन्या जिल्ह्याचेच चार जिल्हे झाले. रेघा इतक्यांदा हलल्या, पण खालचा खडक जागचा हलला नाही. पैनगंगेच्या अलीकडे जैनद, बेला आणि पलीकडे वणी, झरी, पांढरकवडा, दोन्हीकडे काळ्या मातीखाली तोच काळा पाषाण आणि नदीच्या आसपास तोच जुना चुनखडक. भूशास्त्रात या चुनखडकाच्या थरांना पैनगंगेचेच नाव आहे. काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, चुनखडक त्याहून कितीतरी जुना, शंभर कोटी वर्षांच्या घरातला. आणि दक्षिणेला निर्मल, बासरकडे गेलो की ग्रॅनाइट लागतो, तो सगळ्यांत म्हातारा. ही तीन खडकांची नावे लक्षात ठेवावीत, पुढे त्यांचे काम पडणार आहे.

पूर्वी पाणी वरवरचे होते. गावात आड, शेतात विहीर, मोठ्या गावात पायऱ्यांची बारव, आणि गोंड गुड्यांवर वागूच्या वाळूत खणलेला झिरा. तेलुगूत त्याला चेलिमे म्हणतात. झिऱ्याचे पाणी वाळूतून गाळून येते आणि ते गोडही असते. या सगळ्या पाण्यांत खडकाचा अंश कमी, कारण ते पावसाचे पाणी वर्ष-दोन वर्षेच जमिनीत राहिलेले असे. पण माणसांचा अंश भरपूर. बारवेच्या पायऱ्या उतरून लोक थेट पाण्यात पाय घालून घागर भरत. नारूला नेमके हेच लागे. नारू झालेला पाय गार पाण्यात बुडाला की जंत हजारो अळ्या पाण्यात सोडतो, त्या अळ्या पाण्यातल्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या एका किड्याच्या पोटात जातात, तो किडा घागरीतून पिणाऱ्याच्या पोटात. मग वर्षभराने त्याच्या पायातून नवा नारू. म्हणजे ज्या महिन्यात पेरणीची घाई, बहुधा त्याच महिन्यात घरातला कर्ता आडवा. निजामाच्या राज्यात विहिरी खोदण्यासाठी वेगळे खातेच होते, आणि पायऱ्यांच्या विहिरींऐवजी रहाटाच्या विहिरी बांधण्याकडे त्याचा कल होता. पण गावे हजारो, विहीर खणायला महिनेच्या महिने, तेही दगड लागला नाही तर.

चित्र बदलले ते दुष्काळामुळे. त्यातला एक धागा आपल्या मराठवाड्यातूनच निघतो, हे फार कमी जणांना माहीत आहे. एकेकाळी आपल्यासारखाच हैदराबाद संस्थानात असलेल्या जालन्याला स्कॉटलंडच्या चर्चची मिशन होती. साठच्या दशकात तिथल्या जॉन मॅक्लाउड या माणसाने हवेच्या दाबावर चालणारी छिद्र पाडण्याची यंत्रे आणून आजूबाजूच्या गावांत बोअर मारायला सुरुवात केली. विहिरीला जिथे महिने लागत तिथे काळ्या पाषाणात दीडशे-दोनशे फूट एक-दोन दिवसांत. पण बोअरवर बसवलेले बिडाचे हातपंप टिकेनात. ते एका घरासाठी बनवलेले, आणि इथे अख्खे गाव सकाळपासून हापसणार. जालन्यातल्या कार्यशाळेत त्यावर पोलादी पंपाची खटपट झाली, तीच पुढे सोलापूरला नेऊन ऑस्कर कार्लसन यांनी अधिक दणकट केली. या सोलापूर पंपावरून युनिसेफ आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास यांनी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क टू’ हा हापसा तयार केला. आज आफ्रिकेतल्या खेड्यात जो हापसा दिसतो त्याची वंशावळ अशी जालना-सोलापूरला येऊन पोचते. मुंबईच्या लोकांनी लोकलचा अभिमान बाळगावा, आपण हापशाचा बाळगायला हरकत नाही.

१९७२ चा दुष्काळ आठवणारे आता आपल्या मंडळात थोडेच उरले आहेत. त्यानंतरच्या वीस वर्षांत गावोगाव, गुड्यागुड्यावर बोरिंग आले. बारवा बंद झाल्या, पायऱ्यांवर भिंती आल्या, पाण्यात औषध टाकले जाऊ लागले. राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झाला. देशातला शेवटचा नारूचा रुग्ण १९९६ च्या जुलैत राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. देवीनंतर माणसाने इतक्या पूर्णपणे हाकललेला दुसरा रोग आपल्याकडे शोधावा लागेल. या कामात लस नव्हती, नारूवर खरे औषधही नव्हते. विहिरीची पायरी बंद करणे, कापडाने पाणी गाळणे आणि बोरिंगचा हापसा, एवढ्यावर हे झाले. हे यश खरे आहे आणि पुढे जे लिहिणार आहे त्याने ते कमी होत नाही.

पण बोअरने आपल्याला वरचे पाणी सोडायला लावून खालचे पाणी प्यायला लावले. खालचे पाणी जंतूंच्या दृष्टीने स्वच्छ, मात्र ते दगडाच्या भेगांत दहा, पन्नास, कधी शेकडो वर्षे मुक्काम करून आलेले. इतक्या दिवसांच्या मुक्कामात ते खडकाची चव घेते. ग्रॅनाइटमध्ये फ्लोराइड असलेली खनिजे असतात, फ्लोराइट, अ‍ॅपेटाइट आणि चमकणारे काळे अभ्रक. पाणी त्यांच्यातून थोडे थोडे फ्लोराइड सोडवून घेते. आता गंमत अशी, की पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला जखडून ठेवते, फार वाढू देत नाही. म्हणून ताज्या, जड पाण्यात फ्लोराइड कमी. पण पाणी जुने होत गेले की त्यातला कॅल्शियम चुनखडीच्या रूपात खडकातच बसतो किंवा मातीतल्या सोडियमशी अदलाबदल करतो. पाणी हलके होते, किंचित सोड्यासारखे होते, आणि फ्लोराइडला जखडणारा पहारेकरी निघून गेलेला असतो. मग फ्लोराइड चढते.

डाळ न शिजण्याचे कारणही कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच. ते डाळीच्या सालीजवळच्या पेशींना घट्ट धरून ठेवतात. तेव्हा ज्या बोरिंगच्या पाण्यात डाळ पटकन शिजते, साबणाला फेस छान येतो, त्याच पाण्यात फ्लोराइड असण्याची शक्यता जास्त. प्रत्येक हलके पाणी वाईट असे नव्हे, पण चवीवर आणि डाळीवर पाण्याची परीक्षा करण्याची आपली पिढीजात रीत या एका बाबतीत नेमकी उलटी पडते. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळले तर पाणी आटून ते उलट घट्ट होते.

हे कोडे उलगडण्याची कथाही सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत कोलोराडो राज्यात १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा दंतवैद्य आला आणि त्याला गावच्या मुलांचे दात तपकिरी पट्ट्यांचे दिसले. कारण पाण्यात आहे एवढे त्याला कळले, पण काय आहे ते कळायला १९३१ साल उजाडले. अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यातल्या एच. व्ही. चर्चिल या रसायनशास्त्रज्ञाने पाण्यात फ्लोराइड शोधून काढले. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, १९३७ मध्ये, मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून भारतातला पहिला सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला. तिथे दातच नव्हे, माणसांचे कणे वाकले होते, मान वळत नव्हती. लिहिणारे तिघे : शॉर्ट, राघवाचारी आणि चिंतामण गोविंद पंडित. हेच डॉ. पंडित पुढे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे पहिले संचालक झाले. गिंडीच्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये बसून तेलुगू खेड्यांतल्या पाण्याचा छडा लावणाऱ्या या माणसाचे नाव तेलुगू मुलखात राहणाऱ्या आपल्या घरांत माहीत असायला हवे होते. मलाही ते नोकरीत आल्यानंतर एका जुन्या प्रशिक्षण पुस्तिकेत भेटले.

नेल्लोरनंतर हैदराबाद संस्थानाची पाळी आली. १९४५ मध्ये संस्थानातल्या फ्लोरोसिसवर लेख आला, १९५५ मध्ये सिद्दीकींनी नलगोंड्यावर लिहिले, आणि १९७३ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या डॉक्टरांनी तिथल्या तरुण मुलांचे गुडघे आतल्या बाजूला वळत असल्याचे जगापुढे मांडले. त्यामुळे फ्लोराइड म्हणजे नलगोंडा असे समीकरण होऊन बसले आणि आपल्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. पलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा भागातल्या पाण्यावर २००७ मध्ये शास्त्रीय लेख आला तेव्हा कळले, की काळ्या पाषाणाचा आणि पैनगंगेच्या चुनखडकाचा प्रदेशही यातून सुटलेला नाही. नदीच्या त्या काठाला जे आहे ते या काठाला नसेल असे मानायला खडक तयार नाही.

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते, दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत, असे भारतीय मानक सांगते. त्यापुढे गेले की पहिला फटका आठ वर्षांखालच्या मुलांना, कारण त्यांचे पक्के दात हिरडीत तेव्हाच घडत असतात. एकदा पट्टे पडले की घासून जात नाहीत. मुलगी हसताना तोंडावर पदर घेते, लग्नाच्या बैठकीत दातांवरून गावाचे नाव विचारले जाते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना मी काय वेगळे सांगणार. हाडांचा त्रास पंधरा-वीस वर्षांनी येतो आणि तोवर त्याला वाताचे दुखणे म्हणून मोकळे होतात. जेवणात दूध कमी, कॅल्शियम कमी, तिथे तो जास्त. एक दिलासा देणारी गोष्ट : २००२ मध्ये पोषण संस्थेच्याच संशोधकांनी मुलांना रोज चिंच देऊन पाहिले, तेव्हा लघवीतून बाहेर पडणारे फ्लोराइड वाढलेले दिसले. चिंच हा इलाज नाही, पण आपल्या चिंचगुळाच्या आमटीला आणि शेजारच्या पुलुसुला एवढे श्रेय द्यायला हरकत नाही.

पाण्यातून फ्लोराइड काढण्याची स्वस्त रीत नागपूरने दिली. तिथल्या नीरी या संस्थेने सत्तरच्या दशकात तुरटी आणि चुना यांचे प्रमाण बसवले आणि तिला नाव मात्र दिले ‘नलगोंडा पद्धत’. आपण घरी गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो तेच, फक्त तुरटी पुष्कळ जास्त आणि जोडीला चुना. पांढरा साका खाली बसतो, फ्लोराइड त्यात अडकते. अडचण अशी की हा साका कुठेतरी टाकावा लागतो. विहिरीशेजारीच टाकला तर दोन पावसाळ्यांत हळूहळू तेच परत. हल्ली घराघरात बसलेल्या आरओ यंत्राचेही तसेच. जेवढे शुद्ध पाणी देते त्याहून बहुधा जास्त पाणी ते नळीने बाहेर टाकते आणि गाळलेले सारे त्यात असते. ते मोरीतून नालीत, नालीतून ओढ्यात. या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते : पाण्यातली वस्तू नाहीशी होत नाही, ती फक्त पत्ता बदलते.

सगळ्या वस्तू एकाच वाटेने जात नाहीत हेही ध्यानात घ्यावे. कपाशीला टाकलेल्या युरियाचे नायट्रेट मातीला चिकटत नाही, मातीचे कण त्याला धरतच नाहीत. आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला जोरदार पाऊस त्या भेगांतून सरळ खाली उतरतो आणि सोबत नायट्रेट नेतो. पुढे भेगा मिटतात आणि वाट बंद होते. म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी उथळ विहिरींवर जास्त लक्ष द्यावे लागते. तान्ह्या मुलाच्या दुधात ते पाणी मिसळले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते. लिटरमागे ४५ मिलिग्रॅमची मर्यादा त्यासाठीच आहे. याउलट कित्येक कीटकनाशके आणि शिशासारखे धातू पाण्यात विरघळण्यापेक्षा चिकणमातीच्या कणाला धरून बसतात. ते भेगेतून फारसे खाली जात नाहीत, पुरात गढूळ पाण्यावर स्वार होऊन जातात आणि जिथे प्रवाह मंदावतो तिथे, म्हणजे तलावाच्या, बंधाऱ्याच्या तळाशी, गाळ होऊन बसतात. वरचे पाणी तपासले तर निर्मळ निघेल आणि खालचा गाळ तपासला तर वेगळीच हकिकत.

हे आपल्या उत्सवाच्या स्मरणिकेत लिहिण्याला तसे कारण आहे. आदिलाबादचे गणपती डोल्लाऱ्याला पैनगंगेत विसर्जन होतात. शाडूची मूर्ती दोन-चार तासांत नदीची माती होते. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती महिनोन्‌महिने तशीच पडून राहते आणि तिच्यावरचा रंग सुटून गाळात जातो. झगझगीत रंगांत शिसे, क्रोमियम असू शकते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये विसर्जनाचे नियम केले, २०२० मध्ये ते अधिक कडक केले. डोल्लाऱ्याचा गाळ पुढच्या पुरात वर्धेला, तिथून प्राणहितेला आणि कालेश्वरजवळ गोदावरीला पोचतो. आपण ज्याला ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणतो त्याच्या अंगावरचा रंग कालेश्वराच्या दारात गोदावरीला वाहतो, हे काही बरे दिसत नाही.

आता गोदावरीचे नाव निघालेच आहे तर नळाचे सांगतो. २०१६ साली सुरू झालेल्या मिशन भगीरथ योजनेत आपल्या भागासाठी श्रीरामसागराचे पाणी घेतले आहे. नाशिक, पैठण, नांदेड करत, बासरच्या सरस्वतीचे पाय धुऊन आलेले ते पाणी आहे. धरणातल्या पाण्याचा खडकाशी सहवास थोडा, म्हणून त्यात फ्लोराइड नगण्य. वरच्या शहरांच्या सांडपाण्याची चिंता मात्र त्याला आहे, ती शुद्धीकरण केंद्रात निस्तरावी लागते. म्हणजे आपण पुन्हा वरच्या पाण्याकडे आलो, आता गाळून आणि क्लोरीन घालून. २०२० मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले, की तेलंगणातल्या फ्लोराइडग्रस्त वस्त्यांची संख्या ९६७ वरून शून्यावर आली आहे. आकडा आनंदाचा आहे. फक्त तो नळाचा आकडा आहे, जमिनीखालचा नाही. जमिनीखाली जे होते ते आहे तिथेच आहे.

आणि लोक अजून त्या पाण्याशी जोडलेले आहेत. जलवाहिनी फुटली की चार दिवस हापसाच. शेतावर दिवसभर राबणारे मजूर आणि बैल शेतातल्या बोअरचेच पितात. दोषी हापशांना लाल रंग मारलेला असतो, तो पाच-सात उन्हाळ्यांत उडतो, आणि नवी सून किंवा नवा भाडेकरू यांना त्याचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो. शहरातल्या आपल्या कॉलन्यांची तऱ्हा वेगळी. दर तीन-चार उन्हाळ्यांनी बोअर आटतो, शंभर फूट आणखी खाली मारतो, पाणी लागले की पेढे वाटतो. जितके खाली तितके ते पाणी बहुधा जुने. वडिलांच्या काळी दीडशे फुटांवरच्या पाण्याची तपासणी झाली असेल तर ती आजच्या चारशे फुटांच्या पाण्याला लागू नाही. दोनशे पावलांवरच्या दोन बोअरमध्ये एक पिण्याजोगा आणि एक नाही, असे मी कित्येकदा पाहिले आहे. त्यामुळे शेजाऱ्याच्या बोअरचा निकालही आपल्या उपयोगाचा नाही.

तपासणीला फार काही लागत नाही. बोअर दहा मिनिटे चालू ठेवून मग एक लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून काठोकाठ भरायची, वर गाव, तारीख आणि बोअरची खोली लिहायची. बाटली प्लॅस्टिकची हवी, काचेची नको, कारण फ्लोराइड काचेलाही सोडत नाही.